मुले आहेत, सावकाश चालवा

झोपण्यासाठी पैसे मोजायचे, म्हणजे डोळे मिटल्यावर जे आपल्याला दिसणारच नाही त्याचे पैसे द्यायचे, हे आमच्या साडूंना आयुष्यात कधी पटलेलं नाही. विलासराव मूळचे मनमाडचे. नोकरी नाशिकला एका पतसंस्थेत, तीही वसुली खात्यात. हॉटेलात शिरले की आधी दरपत्रक वाचतात आणि मग पलंगाकडे अशा नजरेनं बघतात, जणू पलंगानंच हप्ते थकवलेत. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी ओम्नी घेतली आणि "थरचं वाळवंट बघायचं, गाडीतच राहायचं, निवासखर्च शून्य" असं जाहीर केलं, तेव्हा घरात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. सोबतीला मी जाणार, हे ऐकून एकट्या मलाच आश्चर्य वाटलं. दोघी बहिणींचं ते परस्पर ठरलं होतं.

"तुम्ही दोघं जाऊन या," ही म्हणाली. "आम्ही इथून काळजी करू."

ओम्नीचं उत्पादनच २०१९ मध्ये थांबलं. आमची गाडी त्याच्या बरीच आधीची, आणि उभं आयुष्य तिनं इंदिरानगर ते कॉलेज रोड शाळेची मुलं वाहण्यात घालवलेलं. रंग पिवळा. खिडक्यांना आडवे गज. मागे ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'मुले आहेत, सावकाश चालवा.' निदान रंग तरी बदलून घ्या, असं मी सुचवलं. त्यावर, "वाळवंट पिवळंच आहे की," एवढंच उत्तर आलं.

मागची बाकं काढून तिथे प्लायवूडची फळी बसवली, फळीवर भद्रकालीतून कापून आणलेला स्पंज. ही गाडी एकूण साडेतीन मीटरही लांब नाही. तिच्यात दोन निवृत्त पुरुष झोपवायचे तर एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी आणि दोघंही तिरपे, एवढी एकच मांडणी शक्य होते. माझं डोकं यायचं तिथे छतावर कुणा पोरानं कर्कटकानं कोरून ठेवलं होतं, 'गणिताचे सर गाढव आहेत.' खाली वेगळ्या अक्षरात, 'हो.' रोज रात्री टॉर्च विझवण्याआधी मी तेवढं वाचत असे. शेजारी साडू दिवसाचा हिशेब तोंडानं पुटपुटत असत.

नाशिककरांना तंबू काही नवे नाहीत. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनातलं साधुग्राम आम्ही डोळे भरून पाहिलंय, आणि पर्वणीच्या आदल्या रात्री घाटावर पथारी टाकून निजलेली माणसंही. पण त्यांना पहाटे उठल्यावर पुण्य मिळायचं. आम्हाला पहाटे उठल्यावर चहाची पूड शोधायची होती.

आता हे पुडीचं प्रकरण जरा सविस्तर सांगितलंच पाहिजे. मी जन्मभर सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळलं. रॅकचा नंबर सांगा, अंधारात बेअरिंग काढून हातात ठेवलं असतं. त्या मला ओम्नीत चहाची पूड मिळेना. म्हणजे ती कुठे आहे हे ठाऊक होतं. फळीखाली, डावीकडच्या लाल क्रेटमध्ये, मेतकुटाच्या बरणीमागे. पण फळी उचलायची तर गादी गुंडाळली पाहिजे, गादी गुंडाळायची तर साडू उठले पाहिजेत, आणि साडू चहा झाल्याशिवाय उठत नाहीत.

यातून वाट निघायची ती अशी. साडूंना पांघरुणासकट पुढच्या सीटवर हलवायचं. गादी टपावर टाकायची आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर स्टेपनी. मग वीस लिटरचा पाण्याचा जार बाहेर काढायचा, कारण फळीचा कोपरा त्याच्यामुळेच अडतो. त्यासाठी सरकतं दार उघडायचं. दाराच्या खाचेत रात्रभरात बारीक वाळू भरलेली असते, म्हणून जुन्या टूथब्रशनं ती खाच आधी साफ करायची. तो टूथब्रश लाल क्रेटमध्ये.

हे सगळं जमून स्टोव्ह पेटेपर्यंत सूर्य चांगला हातभर वर आलेला असायचा. मग वारा स्टोव्ह विझवायचा. गाडीत बसून तो पेटवायचा नाही, बंद जागेत जळणारा स्टोव्ह माणसं मारतो, हे आम्हा दोघांनाही मान्य होतं. तेव्हा मी स्टोव्हभोवती धोतर धरून उभा राहायचो, आणि साडू आतून विचारायचे, "झाला का?" गाडीत संसार थाटणाऱ्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. उघडं मागचं दार, पांढरी चादर, पलीकडे सूर्योदय. त्या चादरीखाली काय काय कोंबलंय आणि बादली कुठे ठेवलीय, ते एकही दाखवत नाही.

जाताना आम्ही सापुताऱ्यावरून गुजरातेत उतरलो. पुढे अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर. रात्री ढाब्यावर. जेवलं की बाज फुकट, हा तिथला रिवाज. साडू एक हाफ डाळ आणि चार रोट्या मागवून आपण जेवलोय हे मालकाला दोनदा ऐकवायचे. राजस्थानात कर जास्त असल्यामुळे पेट्रोल गुजरातपेक्षा बरंच महाग पडतं, म्हणून हद्दीच्या अलीकडे टाकी काठोकाठ भरली. कॅन भरून घ्यायचाही त्यांचा विचार होता. पेट्रोलच्या कॅनला टेकून झोपायला मी साफ नकार दिला. सबंध प्रवासात माझं ऐकलं गेलं ते एवढंच.

वाळवंट म्हणजे नजर जाईल तिथवर वाळूच्या टेकड्या, ही आपली कॅलेंडरवरून झालेली समजूत. प्रत्यक्षात थरचा बराच भाग दगडगोट्यांचा, खुरट्या झुडपांचा आणि कापणी झालेल्या बाजरीच्या रानांचा आहे. मध्ये मध्ये खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगा तिथे सांगरी म्हणून भाजीत पडतात. हे कळल्यावर दिसेल त्या खेजडीखाली शेंगा पडल्यात का, हे बघायला साडू गाडी थांबवू लागले. हंगाम नव्हता.

पाण्याच्या बाबतीत मात्र या माणसाला मानलं. आमच्या जिल्ह्यात इगतपुरीला एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जैसलमेरला अख्ख्या वर्षात दोनशेही धड पडत नाही. पण मनमाड आमच्याच जिल्ह्यात आहे. नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी न येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला वाळवंट काय शिकवणार? तांब्याभर पाण्यात साडूंची अंघोळ व्हायची, तीही डोक्यावरून. खिचडीचा कुकर ते कोरड्या वाळूनं घासायचे. तिकडच्या वस्त्यांतही भांडी तशीच घासतात. मूठभर वाळू आत टाकून गोल गोल फिरवायची. तळाशी लागलेली डाळ सुटते, तुपाचा ओशटपणा वाळू पिऊन टाकते, मग फडक्यानं पुसलं की कुकर लख्ख. फक्त शिट्टीच्या भोकात एखादा कण राहतो, आणि पुढची खिचडी शिट्टी न देता बराच वेळ नुसतीच विचार करत बसते.

प्रातर्विधीचं काय, असं आल्यावर सगळ्यांनीच आडून आडून विचारलं. सरळ सांगतो. वाळवंटात जागा मुबलक आहे, आडोसा नाही. टमरेल घेऊन दहा मिनिटं चाललं तरी मागे पिवळी व्हॅन दिसतच असते, म्हणजे व्हॅनमधून आपणही दिसत असणार. आणखी चालायचं. अखेर एखादं रुईचं झुडूप सापडतं, आपण बसणार तोच कुठून तरी शेळ्या येतात आणि त्यांच्यामागून फेटा बांधलेला माणूस. "राम राम सा." कुठून आलात, पाऊसपाणी काय म्हणतं, शेळीला तिकडे काय भाव. टमरेल पाठीमागे धरून मी उस्मानाबादी शेळीबद्दल जेवढी माहिती दिली, तेवढी मला आहे हेच आधी ठाऊक नव्हतं.

आणि थंडी! निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवणाऱ्या मुलखातली माणसं आम्ही, थंडीचं भय आम्हाला कोण घालणार, असं मी निघताना बोलून गेलो होतो. पण हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली वाळू आपली उष्णता रात्री धरूनच ठेवत नाही. संध्याकाळी शर्ट काढावासा वाटतो आणि पहाटे माणूस साडूंच्या पायांनाही जवळ करतो. काचा लावून झोपलं तर दोघांच्या श्वासाची वाफ आतून काचेवर धरते आणि पहाटे गजांवरून थेंब थेंब कपाळावर पडते. काच उघडी ठेवली तर वारा. शेवटी बोटभर फट ठेवून तिच्यात नाशिकहून आणलेल्या पेपरची घडी खोचली. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे गाडी थांबल्यावरही सीट बराच वेळ ऊबदार राहते. रात्री मुक्कामाला पोचलं की ती सीट कुणी बळकवायची, यावरून आमच्यात जे बोलणं व्हायचं ते दोघींना सांगितलेलं नाही.

सम गावच्या टेकड्या जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटरवर. वाळूच्या खऱ्या लाटा तिथे आहेत, आणि त्यांच्यासमोर ओळीनं तंबूंची रिसॉर्ट्स : आत पलंग, गिझर, रात्री कालबेलिया नाच. वाटेल तिथे तळ ठोकता येत नाही, तिकडचा पुष्कळ भाग डेझर्ट नॅशनल पार्कात येतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला दिसेनासा होत गेलेला माळढोक पक्षी तिथे अजून उरलाय, म्हणून ते बरोबरच आहे. पण रिसॉर्टच्या पार्किंगलाही पैसे पडतात असं कळल्यावर साडू म्हणाले, "जरा आत घेऊ."

वाळूत गाडी घालायची तर चाकांतली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही, हे त्यांनी वाचलं होतं. हवा त्यांनी व्यवस्थित कमी केली. गाडी थांबवली मात्र चढावर. पुन्हा सुरू केली तेव्हा मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि खाली गेलं. एक जीपवाला दोर घेऊन आला, उतरून विडी पेटवली आणि म्हणाला, "पाँच सौ." साडू म्हणाले, "सौ." आणि आपल्याला गरज नाही हे दाखवायला त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. चाक आणखी खाली गेलं. "सात सौ." साडूंनी पुन्हा दाबला. ॲक्सल वाळूला टेकला तेव्हा भाव हजारावर होता आणि भोवती पर्यटक जमले होते. पुण्याचे होते, ते प्रत्येकानं दिलेल्या वेगवेगळ्या सल्ल्यांवरून कळलं. एका लहान मुलीनं मागची अक्षरं मोठ्यानं वाचली आणि आईला विचारलं, "मग मुलं कुठायत?"

हा प्रश्न आमची पाठ सोडणार नव्हता. तनोटच्या रस्त्यावर तपासणीला गाडी थांबवली. सरहद्द जवळ, गाडी एमएच १५, पिवळी, खिडक्यांना गज, आत दाढी वाढलेले दोन म्हातारे आणि मधोमध कुकर. जवानानं गाडीला सावकाश एक फेरी घातली. मागे थांबला. वाचलं. पुढे आला.

"बच्चे कहाँ हैं?"

साडू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाले, "बडे हो गये."

त्यानंतर लाल क्रेटसकट सगळी गाडी रिकामी करून दाखवावी लागली. चहाची पूड त्या दिवशी विनासायास हाती आली.

तनोट मातेच्या देवळात १९६५ च्या युद्धात पडलेले, पण न फुटलेले पाकिस्तानी गोळे मांडून ठेवलेत. देवळाची सारी व्यवस्था बीएसएफचे जवान बघतात. लोक हात जोडून पुढे सरकत होते. साडू गोळ्यांपुढे बराच वेळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "केवढा माल फुकट गेला हो त्यांचा."

एक मात्र नमूद केलं पाहिजे. समला शेवटच्या रात्री आम्ही एका रिसॉर्टच्या कुंपणामागे, गाणं ऐकू येईल एवढ्या अंतरावर गाडी लावली होती. कार्यक्रम आटोपून एक म्हातारा मांगणियार, म्हणजे तिकडचा पिढीजात गवई, खांद्याला 'कमायचा' हे तंतुवाद्य अडकवून घरी निघाला होता. आमचा स्टोव्ह पेटलेला बघून थांबला. चहा घेतला आणि न सांगता वाळूवर मांडी घालून वाजवायला बसला. थांबला तेव्हा साडूंनी खिशातून नोट काढून त्याच्या हातात ठेवली, किती ते न बघता. घासाघीस नाही, काही नाही. हिशेबाच्या वहीत ती 'इंधन' या सदरात आहे.

वही परवाच माझ्यापुढे आली. 'निवास : ०' या ओळीखाली दोन रेघा. त्याखाली 'किरकोळ' आहे, आणि ते पान उलटूनही संपत नाही : जीपवाला, पायानं मारायचा हवेचा पंप, दाराची खाच, दुसरा स्पंज, माझ्या कमरेचे एक्स-रे, फिजिओथेरपी. सगळ्याचा निम्मा भाग माझ्याकडून यायचा आहे. एक्स-रेचे निम्मे त्यांनी सोसले, हे मान्य. पण पंप तर त्यांच्याकडेच राहिलाय, असं मी लक्षात आणून दिलं. "म्हणून तर त्यावर घसारा धरलाय, साडूभाऊ," ते म्हणाले आणि बोट ठेवून दाखवलं.

पंपावर धरलाय खरा. माझ्या कमरेवर का धरला नाही, हा मुद्दा दोघी बहिणींपुढे ठेवला आहे.