गाळ खरा, पण पाणी कुठून आलं?

नमस्कार. चिपळूणच्या पुरावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की हवामान लाखो वर्षं बदलतच आलंय, हिमयुगं काही माणसाने आणली नाहीत. तुमच्या मते चिपळूण बुडालं ते वाशिष्ठी नदीतल्या गाळाने, आणि तापमानवाढीचं नाव घेऊन मी इथल्या चुकांवर पांघरूण घालते. शेवटचा आरोप मला लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

गाळाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. डोंगर बोडके झाले, माती पात्रात उतरली, नदीकाठ बांधकामांनी भरला. गाळ काढा म्हणून चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं, हे कसं विसरू? पण २२ जुलै २०२१ला त्या उथळ पात्रात एवढं पाणी ओतलं ते पावसाने. हवा एका अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. कोकणातल्या पावसाचं बाष्प येतं अरबी समुद्रावरून, आणि तो समुद्रच तापतोय. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या भूभागावर एकदम कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस तिपटीने वाढला. त्याला रसद पुरवतो तो अरबी समुद्रच. एकटा तो पूर केवळ तापमानवाढीने आला, असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

आता हिमयुगं. ती येतात-जातात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या संथ बदलांमुळे. त्याला हजारो वर्षं लागतात. शेवटचं हिमयुग ओसरताना हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे १८० वरून २८० झाला, तोही हजारो वर्षांत. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ होता, आज ४२० च्या वर आहे. म्हणजे तेवढीच वाढ एका माणसाच्या हयातीत! ती आपल्या धुराचीच कशावरून? कोळसा आणि खनिज तेल इतकं जुनं असतं की त्यात कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर आपोआप घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, उरलेलाच नसतो. तसला कार्बन हवेत मिसळत गेला की तिथलं कार्बन-१४चं प्रमाण घटतं, आणि अणुचाचण्यांनी त्यात भर घालण्याच्या आधीपासून ते घटत असल्याचं मोजलं गेलंय. सूर्य तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो उलट थंड होतोय.

राहिला पांघरुणाचा प्रश्न. मला वाटतं, पांघरूण तापमानवाढ नाकारल्यानेच पडतं. वाशिष्ठीचं पात्र किती खोल करायचं, पुलाची उंची किती ठेवायची, पूररेषा कुठे आखायची, हे सगळं पावसाच्या आकड्यांवर ठरतं. ते आकडे जुनेच धरले तर गाळ काढूनही पात्र अपुरं पडेल आणि हिशेब मात्र बरोबर दाखवता येईल. तुम्ही चिपळूणचेच आहात, तर पुढच्या वेळी गाळउपशाचं अंदाजपत्रक समोर आलं की एवढं जरूर विचारा: यात पाऊस कोणत्या वर्षांचा धरलाय?