‘कधी गंगेवर गेलात का?’ विचारणाऱ्या वाचकाला

नमस्कार. पाण्यातून मायक्रोप्लॅस्टिक, म्हणजे प्लॅस्टिकचे बारीक कण, काढण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, ‘प्लॅस्टिकला पाणी धरत नाही म्हणून ते हवेच्या बुडबुड्याला चिकटून वर येतं, हे काचेच्या भांड्यात ठीक. नदीत त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, मग कसलं चिकटतंय. पीईटी (बाटल्यांचं प्लॅस्टिक) तर बुडतंच. आणि काढलेल्या गाळाचं काय? घरात बसून लिहिण्याआधी कधी गंगेवर गेलात का?’

शेवटचं वाक्य गरजेचं होतं का हो? आम्ही नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो, आणि माझा जन्म तिच्याच काठचा, पंचवटीतला, पोहायला शिकलो तो गांधी तलावात, 2015 च्या सिंहस्थात घाटावरच्या पिशव्या वेचणाऱ्यांत मीपण होतो. आणि घरात बसून म्हणाल तर 22 वर्षं अंबड एमआयडीसीत पॉलिथिनवर छपाई करण्यात गेली. कोऱ्या पॉलिथिनवर पाणी टाका, पसरत नाही, मणी होतात, कारण पाण्याचा पृष्ठताण (पाणी स्वतःला गोळा करून धरतं ती ओढ) सेंटिमीटरला 72 डाइन आणि पॉलिथिनची पृष्ठऊर्जा जेमतेम 31, शाईसुद्धा बसत नाही. म्हणून आधी रोलला कोरोना मारायचा (तो नाही, विजेचा), त्याने पृष्ठभागात ऑक्सिजन शिरतो, मग डाइन पेनने (त्यात ठरावीक पृष्ठताणाची शाई असते) रेघ ओढायची, 38 ची रेघ फुटली नाही तरच रोल मशीनवर. अशा हजारो रेघा ओढल्यात मी, आणि तुम्ही मला पृष्ठभाग शिकवताय! उन्हात पडून पडून पिशवीचंही असंच होतं, पाणी धरायला लागते ती, पण तो वेगळा विषय झाला.

पीईटीचं मान्य. घनता 1.38 च्या आसपास, पाण्याची 1, बुडणारच. माझ्याकडून सरसकट ‘तरंगतं’ लिहिलं गेलं, दुरुस्त केलंय. बघा, चूक असली की मी कबूल करतो, सगळेच करत नाहीत.

शेवाळ, शेवाळ काय लावलंय, तुरटी आहे ना. आजी पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवायची, सकाळी गाळ तळाला. पाण्यातल्या कणांवर बहुतेक वेळा ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं आणि कण गोळा होऊन खाली बसतात. प्लॅस्टिकचे कणही त्यातच अडकतात. गाळाचं पुढे काय, हा लेखाचा विषयच नव्हता.

रविवारी सकाळी सातला मी रामकुंडापाशी असतो, असतोच. या. मी डाइन पेन आणतो, शेवाळ तुम्ही आणा.