राजपुत्र का चिडला?

पाडव्याच्या दिवशी मी सांगलीवाडीहून गावभागात चुलत्यांकडे फराळाला जातो, तेव्हा आयर्विन पूल ओलांडतानाच, यंदा त्या विषयावर तोंड उघडायचे नाही, असे स्वतःला बजावत असतो. तो विषय म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा संगणकावरचा खेळ. मी एक्केचाळीस वर्षांचा, माझा चुलतभाऊ दादा त्रेचाळीसचा, आणि भांडण २००४ सालचे.

हा जुना खेळ २००३ साली नव्या रूपात आला; त्याच्या ‘सँड्स ऑफ टाइम’ या पहिल्या भागातला राजपुत्र माझ्या मते घरंदाज होता. सगळा खेळ म्हणजे त्यानेच सांगितलेली गोष्ट. आपण त्याला चुकून दरीत पाडले, की कीर्तनकाराने चुकलेले पद सावरून घ्यावे तसा, ‘असे काही घडलेच नव्हते,’ असे म्हणत तो गोष्ट मागे नेत असे. सोबतच्या फराहशी त्याची गोड कुरबुर चाले. पुढच्याच वर्षी ‘वॉरियर विदिन’ आला आणि हाच माणूस केस वाढवून, कपाळाला आठ्या घालून, दोन्ही हातांत शस्त्रे घेऊन दातओठ खात उभा राहिला. पार्श्वभूमीला गॉडस्मॅक या अमेरिकी बँडच्या गिटारी करकरत होत्या. फराहचा तर पत्ताच नव्हता.

दादाला नेमके हेच आवडले. भडंगाच्या ताटलीतले शेंगदाणे एकेक करून वेचून खात (चुरमुरे तो माझ्यासाठी ठेवतो) तो म्हणाला, “अरे, पहिल्या भागात लढाई होती का ती? दुसऱ्यात शत्रूची तलवार हिसकावून त्याच्याच साथीदारावर फेकता येते.”

मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. १९८९ साली मूळ खेळ ज्यांनी घडवला, त्या जॉर्डन मेकनर यांनीच या दुसऱ्या भागाच्या रंगढंगाबद्दल जाहीर नापसंती दाखवली होती.

“विहीर खणणाऱ्याने पाणी कसे प्यावे ते सांगू नये,” असे म्हणून दादाने आणखी एक शेंगदाणा उचलला.

इतकी वर्षे हे ऐकत आलेल्या काकू चकल्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि यंदा पहिल्यांदाच त्यांनी विचारले, “पण तो एवढा चिडला कशाने?”

मी नाइलाजाने सांगितले की, पहिल्या भागात त्याने काळाची वाळू मोकळी केली, म्हणून मरण त्याच्या नशिबी होते. तो वाचला, तेव्हा दहाका नावाचा काळाचा राखणदार त्याच्या मागे लागला, आणि दुसरा भाग सुरू होतो तेव्हा मध्ये सात वर्षे गेलेली असतात.

“सात वर्षे कुणी मागे लागले, तर माणूस चिडेल नाही तर काय ओव्या म्हणेल?” काकू म्हणाल्या. दादाने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

इथे एक कबुली दिली पाहिजे. दुसरा भाग मी पुरता खेळलेलोच नाही. त्या खेळात, जिथे राजपुत्र पाणी पितो त्या कारंज्यापाशीच आपली प्रगती जतन होते, आणि आमच्याकडचे भारनियमन कारंज्याची वाट पाहणारे नव्हते. दहाकाला चुकवत, घामाघूम होऊन, समोर कारंजे दिसू लागावे आणि पंखा, दिवा, राजपुत्र हे तिघेही एकदम बंद पडावेत, असे चार वेळा झाल्यावर मी त्या खेळाच्या कलात्मक अधःपतनाबद्दल बोलू लागलो. दादाच्या घरी तेव्हा इन्व्हर्टर होता. हे मी त्याला आजवर सांगितलेले नाही.

२००५ साली तिसरा भाग आला आणि त्यात एकाच देहात दोन राजपुत्र भांडू लागले, एक माझा आणि एक दादाचा. त्यावरही आमचे एकमत झाले नाही.

“आणि त्या फराहचे काय झाले?” काकूंनी विचारले.

“तिसऱ्या भागात भेटते,” मी म्हणालो, “पण ती त्याला ओळखत नाही. त्याने काळच मागे फिरवला होता ना.”

“अगं बाई! एवढे सगळे केले आणि ओळख नाही?” काकू चकलीचा डबा मांडीवर घेऊन खालीच बसल्या. “नीट पहिल्यापासून सांगा बघू.”

दादाने ताटली माझ्याकडे सरकवली. तिच्यात तीन शेंगदाणे शिल्लक होते.