काका म्हणणाऱ्या अनामिकास

अनामिक,

इंग्लंडमधल्या फार्न बेटांवरच्या पक्ष्यांबद्दलच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया सकाळी वाचली. चहा निवला. 'पफिन हा पेंग्विनचा चुलतभाऊ' हे माझं वाक्य चूक होतं, मान्य. पफिन ऑक या समुद्रपक्ष्यांच्या कुळातला, चांगला उडणारा. दुरुस्त केलंय, आभार.

पण 'अक्कल वापरा काका, तुमच्यासारखे हौशी बोटी भरभरून पक्ष्यांच्या उरावर बसतात' हे काय? माझं वय 61, पण काका कुणाचा व्हायचं ते मी ठरवीन. आणि उरावर? फार्न बेटं 1925 पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. 2022 मध्ये बर्ड फ्लूने पक्षी पटापट मेले, तेव्हा त्यांनीच बेटावर उतरणं बंद केलं. 2023 चा अख्खा हंगाम तसाच गेला. त्यातल्या इनर फार्न बेटावर पुन्हा पाऊल ठेवू दिलं 2024 मध्ये. मी त्यानंतर गेलो, चोरून नव्हे.

किनाऱ्यावरच्या सीहाउसेस गावाहून बोट, उतरल्यावर रेंजरच्या सूचना, ठरलेली पायवाट. वाटेच्या अगदी कडेला आर्क्टिक सुरय (टर्न) पक्षी अंड्यांवर बसलेले. जवळून गेलात की उठतात, किरकिरत डोक्यावर झेपावतात. घाम पुसायला टोपी काढली, तेवढ्यात टाळूवर चोच! रुमाल लाल झाला. आता उरावर कोण बसलं? यातल्याच एका सुरयाला 2015 मध्ये प्रवास नोंदणारा टॅग लावला होता. तो अंटार्क्टिकापर्यंत जाऊन पुढच्या मे महिन्यात परतला, 96,000 किलोमीटर उडून. हे वेड मला आहे म्हणून मी तिथे गेलो, सेल्फीसाठी नाही.

मी मालवणचा. माळ्यावरचं चिमणीचं घरटं पिल्लं उडेपर्यंत आमच्याकडे कुणी हलवत नसे. आठव्या वर्षी माझी गलोल वडिलांनी चुलीत घातली. अशा घरातल्या माणसाला पक्ष्यांशी कसं वागावं हे टोपणनावाआडून शिकवता? ते स्वतःचं नाव लिहून शिकवा.

राहता राहिला मी फोटोसाठी वीस मिनिटं थांबलो तोवर पक्षी अंड्यांवर परतला नाही, हा मुद्दा. आकडा माझ्याच लेखातला आहे, पण वाटेवर थांबायला मनाई नव्हती. विषय संपला. विमानाच्या धुराच्या तुमच्या टोमण्याबद्दल काय बोलावं? लेकीला भेटायला न्यूकॅसलला पोहत जायला हवं होतं का?

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच ठेवीन. रुमालाचा फोटो मूळ लेखाच्या तळाशी आहे. तिथवर वाचलेलं दिसत नाही.