सुट्टीने कुठलं भागतंय!
‘आठ दिवस सुट्टी घ्या, ताजेतवाने व्हा’ हा बर्नआउटवरच्या, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पार पिचून जाण्यावरच्या, लेखातला सल्ला वाचून हसूच आलं. मी घेतली होती. इंदूरलाच, रामबागेतल्या घरी. सातव्या दिवशी पोह्यांवर शेव भुरभुरताना फोन वाजला आणि पोटात गोळाच आला. निघाला कुठल्याशा कर्जाच्या जाहिरातीचा!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं, ते उगाच नाही. थकवा दिसतो हो. पण कामाचा तिटकारा आणि ‘आपल्याच्यानं काही होत नाही’ हे वाटणं, या खुणा घरच्यांनाही कळत नाहीत. आई म्हणायची, “नुसता चिडका झालायस.” दोघांचं काम माझ्या एकट्यावर होतं, ते साहेबांनी वाटून दिलं तेव्हा कुठे झोप लागायला लागली. रात्री अकराचे मेसेज अजून येतात. सकाळी बघतो.