वाडीच्या ग्रुपवरचा डॉलरचा मेसेज

शिमग्यापासून तोच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. वाडीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर. शेवटी भाच्याने पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, हे खरं आहे काय?"

ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कोकणात घरी बसून परदेशी कॉन्ट्रॅक्ट मिळतात. वेबसाइटवर प्रोफाइल टाका, काम आपोआप येईल. रेट कमी ठेवा, गोऱ्यांना स्वस्त माणूसच हवा असतो. बाहेरून आलेल्या पैशावर टॅक्स नाही, जीएसटी नाही. घाई असेल तर व्हिजिट व्हिसावर जा, तिथेच कॉन्ट्रॅक्ट पकडा. तळाला एक मोबाईल नंबर आणि ४,९९९ रुपयांत 'इंटरनॅशनल फ्रीलान्सर आयडी'.

पहिलं वाक्य खरं आहे, घोळ तिथेच होतो. मी गुहागर तालुक्यात राहून सात वर्षं स्टील डिटेलिंग करतो. म्हणजे इमारतीच्या लोखंडी सांगाड्याची अशी ड्रॉइंग काढतो, ज्यांवरून कारखान्यात बीम कापतात आणि भोकं पाडतात. कामं इंग्लंड-आयर्लंडची. माझ्याकडे बघून लोकांना बाकीचा मेसेजही खरा वाटतो, म्हणून हे लिहितोय.

"प्रोफाइल टाका, काम आपोआप येईल." माझं प्रोफाइल तीन महिने एका वेबसाइटवर होतं. ४१ प्रपोजल टाकली, उत्तरं दोन आली, त्यातलं एक फुकट नमुना मागणारं. अशा साइटवर अर्ज करणंही फुकट नसतं. अपवर्कवर प्रपोजल टाकायला 'कनेक्ट्स' लागतात, एकाची किंमत ०.१५ डॉलर, आणि एका अर्जाला असे बरेच जातात. काम मिळालं तर अपवर्क ० ते १५ टक्के कापते, फायव्हर सरळ २० टक्के. हे व्यवहार मला चुकीचे वाटत नाहीत, बाजाराचं भाडं आहे ते. पण भाडं भरून मांडलेल्या दुकानात गिऱ्हाईक 'आपोआप' येत नाही.

माझं पहिलं कॉन्ट्रॅक्ट आलं ते नवी मुंबईतल्या माझ्या जुन्या ऑफिसातल्या चेकरकडून, म्हणजे ड्रॉइंग तपासणाऱ्याकडून. तो डब्लिनला गेला होता. माझ्या ड्रॉइंगवर सगळ्यात जास्त लाल खुणा त्यानेच केल्या होत्या, त्यामुळे मी कुठे चुकतो आणि कुठे चुकत नाही हे त्याला पाठ होतं. त्याच्या फर्ममध्ये एकदम मोठं काम आलं, माणसं कमी पडली, त्याने माझं नाव घेतलं. तिथल्या एका इंजिनीअरने पुढे दुसऱ्या फर्मला सांगितलं. आजपर्यंतची माझी नव्वद टक्के कामं याच साखळीतली.

खरं तर कोकणाला हे शिकवायला नको. आजोबा गिरणीत लागले ते जाहिरात वाचून नव्हे. परळच्या खोलीत गावचा माणूस होता, त्याने जॉबरला, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाला सांगितलं, "आमचा पोरगा आहे, काम करील." पुढच्या पिढीत दुबई-मस्कतला गेलेले असेच गेले. नाव घेणारा माणूस आपली अब्रू पणाला लावतो, म्हणून तो काम बघितल्याशिवाय नाव घेत नाही. याला वशिला म्हणणाऱ्यांनी एकदा दुसऱ्याचं नाव सुचवून बघावं.

मग सुरुवात कुठून? ज्यांनी तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलंय अशा सगळ्यांची यादी करा: जुने सहकारी, साहेब, व्हेंडरकडची माणसं. त्यातलं बाहेर कोण गेलंय ते शोधा. मग त्या देशातल्या पाच-पंधरा माणसांच्या लहान फर्म बघा. मोठ्यांचे पुरवठादार ठरलेले असतात. लहान फर्मला काम वाढलं की महिनाभरापुरता हात हवा असतो, आणि त्यासाठी नोकर ठेवणं परवडत नाही. तिथे चार ओळींचं मेल पुरतं: मी काय करतो, नमुना सोबत, कधीपासून मोकळा, दर किती. नमुना जुन्या ऑफिसच्या ड्रॉइंगचा मात्र पाठवू नका. ती गोपनीय असतात, आणि तुम्ही दुसऱ्याची पाठवलीत म्हणजे उद्या यांचीही पाठवाल, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. मी आमच्या ग्रामदेवतेच्या सभामंडपासमोरच्या पत्र्याच्या शेडचं मॉडेल केलं आणि ब्रिटिश पद्धतीने पूर्ण ड्रॉइंग सेट काढला. आयर्लंडमधल्या तिघांनी ती शेड बघितली आहे.

"रेट कमी ठेवा." भोक चुकीच्या जागी पडलं तर साइटवर क्रेन भाड्याने उभी राहते आणि बीम बसत नाही. त्या एका दिवसाच्या खर्चापुढे तुमचे वाचवलेले चार डॉलर कुणाच्या खिजगणतीत नसतात. दर पडेल ठेवला की लोक आधी चुका शोधतात. कामाचा दर ठरवताना तपासणी, दुरुस्त्या आणि मोकळे आठवडेही धरा, नाहीतर टनावर भाव देऊन बसाल आणि बदल फुकट करत राहाल.

दरापेक्षा पैसे वसूल होणं महत्त्वाचं. एकदा मी नुसत्या मेलवर दोन महिने काम केलं, लेखी करार नव्हता. पैसे आजवर आले नाहीत, आणि परदेशात वकील लावायचा तर बिलाइतकीच फी झाली असती. आता नव्या गिऱ्हाइकाकडून आगाऊ एक हिस्सा घेतो आणि काम टप्प्यांत तोडतो. साइटवरून ठरावीक रकमेचं काम असेल तर टप्प्याचे पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत साइट पैसे धरून ठेवते त्या खात्यात, जमा झाल्याशिवाय फाइल उघडू नये.

"टॅक्स नाही, जीएसटी नाही." हा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा आहे. भारतात राहणाऱ्याची जगभरातली कमाई इथे करपात्र असते, पैसे डॉलरमध्ये आले म्हणून सुटका नाही. सवलत आहे ती वेगळी: इंजिनीअरिंग, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. मर्यादा ५० लाखांची, रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. आपलं काम त्यात बसतं का, ते सीएला विचारा.

जीएसटीत सेवानिर्यात 'शून्य दराची' असते. शून्य दर म्हणजे कायद्याबाहेर नव्हे. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि निर्यातही त्या उलाढालीत मोजतात. मग दर आर्थिक वर्षी एलयूटी हे हमीपत्र भरलं की कर न भरता बिल काढता येतं. अमेरिकन गिऱ्हाईक डब्ल्यू-८बेन हा फॉर्म मागेल. घाबरू नका, काम अमेरिकेबाहेर बसून केलंय तर तिथला कर कापला जाऊ नये यासाठीच तो असतो.

आता खास आपल्याकडची गोष्ट. आपल्या बँकांना आखाती पैशाची सवय आहे. माझं पहिलं पेमेंट आलं तेव्हा काउंटरवर कुणी विचारलंच नाही, पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड पी१३०१ टाकून मोकळे झाले. तो कोड परदेशातल्या नातेवाइकाने घरखर्चाला पाठवलेल्या पैशाचा. कागदोपत्री माझं बिल म्हणजे कुणा दुबईच्या काकांची मनीऑर्डर झाली! दुरुस्त करायला पाच फेऱ्या झाल्या. सॉफ्टवेअरवाल्यांचा पी०८०२, बाकीच्यांचे वेगळे. आपला कोड आधी शोधून बँकेला लेखी द्या आणि प्रत्येक पेमेंटची एफआयआरए, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला, मागून घ्या. पैसा निर्यातीचा आहे याचा पुरावा तोच.

"व्हिजिट व्हिसावर जा." नको. युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवस राहू देतो, काम करू देत नाही. अमिरातीत परमिटशिवाय माणूस कामाला लावणाऱ्याला २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिऱ्हम दंड आहे. असा धोका पत्करून तुम्हाला ठेवणारा पगार देईलच, याची खात्री कोण देणार? जर्मनीसारख्या देशांत स्वतंत्र व्यावसायिकाचा परवाना आहे, पण तो कागदपत्रं दाखवून मिळतो. एजंटमार्फत नोकरीला जायचं असेल तर तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. त्याला फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही.

मेसेजात नसलेलं एक सांगतो. वेळेचं गणित आपल्या बाजूचं आहे. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात दीड, हिवाळ्यात अडीच. सकाळी बागेत पाणी लावून दुपारी कामाला बसता येतं. न्यूयॉर्कवाल्यांची सकाळ मात्र आपल्या संध्याकाळी साडेसहा-साडेसातला सुरू होते. विजेचं काय? ३ जून २०२०ला निसर्ग वादळ झालं तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती. दोन कंपन्यांची सिमकार्डं, इन्व्हर्टर आणि चिपळूणला बसायची एखादी जागा, हा माझा पावसाळ्याचा बंदोबस्त. डेडलाइनच्या आधीच गिऱ्हाइकाला हवामान कळवतो.

राहिले ४,९९९. 'इंटरनॅशनल फ्रीलान्सर आयडी' अशी वस्तू नाही. कुठलंही सरकार तो देत नाही, कुठलंही गिऱ्हाईक तो मागत नाही. पैसे घेतल्यावर हे लोक डेटा एन्ट्री देतात, मग चुका काढतात, मग वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून दंड मागतात. त्या नोटिशीला पैसे देऊ नका. भरले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. भाच्याने भरले होते. हे त्याने मला तिसऱ्या फोनला सांगितलं.