भाडं पाण्यात जातं का? पुतण्याचं बुकिंग थांबल्याने चिडलेल्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव लिहिलं नाहीत, 'निवृत्त बँक अधिकारी' एवढंच लिहिलंत. पण पुतण्याबद्दलची कळकळ वाचून काका म्हणावंसं वाटलं.

'तिशीच्या आत पहिलं घर घ्यायची घाई नको' हा माझा लेख वाचून तुमच्या सव्वीस वर्षांच्या पुतण्याने पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्यातलं फ्लॅटचं बुकिंग थांबवलं, म्हणून तुम्ही रागावलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भाडं म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. हप्ता आणि भाडं यांतला फरक ही मुलं गुंतवत नाहीत, उडवतात. कर्जावरची करसवलत हातची जाते. आणि मालक म्हणेल त्या दिवशी बिऱ्हाड उचलावं लागतं. जाता जाता एक टोलाही दिलात, की स्वतःच्या घरात बसून दुसऱ्याला भाड्याने राहायला सांगणं सोपं असतं.

टोल्याचं आधी. माझं स्वतःचं घर नाही. नवरा, मी आणि पुस्तकांची खोकी कोथरूडला भाड्याच्या घरात राहतो.

आता पाण्यात जाणाऱ्या पैशांबद्दल. आकडे तुमचेच घेते: फ्लॅट ७५ लाखांचा, तशाच फ्लॅटचं भाडं २२ हजार. बँक ८० टक्के, म्हणजे ६० लाख देईल. उरलेले १५ लाख, पिंपरी-चिंचवड हद्दीत ७ टक्क्यांनी सव्वापाच लाख मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी, असे साडेवीस लाख रुपये पुतण्याला पहिल्या दिवशी उभे करावे लागतील. मुद्रांक आणि नोंदणीसाठी बँक कर्ज धरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली. त्यामुळे घरोघरी काय संवाद होतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता बसतो ५२,०६९ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात ४२,५०० व्याजाचे. पाच वर्षांत पुतण्या सव्वाएकतीस लाख भरेल आणि कर्ज कमी होईल फक्त सात लाख बारा हजारांनी. चोवीस लाख व्याजात गेले. त्याच पाच वर्षांचं भाडं, दरवर्षी पाच टक्के वाढवूनसुद्धा, साडेचौदा लाखांच्या आसपास होतं. भाडं दुसऱ्याच्या खिशात जातं असं तुम्ही लिहिलंत. मग व्याज कुणाच्या खिशात जातं, काका?

तुम्ही म्हणाल, फ्लॅटची किंमतही वाढते. वाढू दे. पण किती वाढली तर बरोबरी होते, हे कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडून पाहिलं. समजा पुतण्याने ते साडेवीस लाख सात टक्के देणाऱ्या कुठल्याशा साध्या ठेवीत टाकले आणि दर महिन्याला हप्ता व मेंटेनन्स (तीन हजार धरलाय) यांतून भाडं वजा जाता उरलेली रक्कमही (सुरुवातीला साधारण तेहतीस हजार) तिथेच टाकली. पाच वर्षांनी त्याच्याकडे जवळपास ५१ लाख असतील. ठेवीच्या व्याजावरचा कर धरलेला नाही, तो धरला तर आकडा थोडा खाली येईल. फ्लॅट घेतलेल्या पुतण्याला तेवढेच हातात यायचे तर उरलेलं कर्ज आणि एजंटची दलाली फेडून तो फ्लॅट एक कोटी पाच लाखांच्या आसपास विकला जायला हवा. म्हणजे सलग पाच वर्षं, दरवर्षी सात टक्के भाववाढ. अशक्य अजिबात नाही. पण 'जागेचा भाव काय, वाढतोच' यावर डोळे झाकून टाकण्याइतकी लहान अट नाही. शेजारी त्याच बिल्डरचा नवा टॉवर उभा राहत असताना आपला पाच वर्षं जुना फ्लॅट विकायला काढून बघा.

हे सगळं ताबा मिळालेल्या फ्लॅटचं. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेचार लाख वेगळे. शिवाय ताबा मिळेपर्यंत प्री-ईएमआय (बँकेने तोवर दिलेल्या रकमेचं नुसतं व्याज) भरा आणि भाडंही भरा. बुकिंग थांबवलं म्हणजे पुतण्याचं बहुधा हेच असणार.

इथे तुमचा दुसरा मुद्दा येतो आणि तो मला खरोखर अडवतो. फरकाचे पैसे पोरं उडवतात. वरच्याच हिशेबात महिन्याला ठेवीत पडणारी रक्कम शून्य करून बघा: साडेवीस लाख ठेवीत राहिले, पण दर महिन्याचे तेहतीस हजार गोव्याच्या फेऱ्या, नवा फोन आणि शनिवारच्या बिलांत गेले. मग बरोबरीसाठी फ्लॅट एक कोटी पाचला नाही, साधारण ८४ लाखांना गेला तरी पुरे. वर्षाला दोन-सव्वादोन टक्के वाढ. तेवढी तर रडतखडतही होते. म्हणजे घर घ्यावं की भाड्याने राहावं याचं उत्तर जागांच्या भावापेक्षा त्या तेहतीस हजारांचं महिन्याच्या पाच तारखेला काय होतं, यावर ठरतं. ज्याच्या हातात पैसा टिकतच नाही त्याला हप्त्याचा बडगा उपयोगी पडतो, हे मला मान्य आहे. फक्त त्या बडग्याचं पाच वर्षांचं भाडं चोवीस लाख आहे, एवढं त्याला माहीत असावं.

करसवलतीचं थोडक्यात. घरकर्जाच्या व्याजाची वर्षाला दोन लाखांपर्यंतची वजावट आणि फेडलेल्या मुद्दलाची वजावट, दोन्ही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, आणि तीच प्रणाली आता डीफॉल्ट आहे. पुतण्या तिच्यात असेल तर हा मुद्दा बाद. घरभाडं भत्त्याची सूटही तिथे नाही, त्यामुळे माझ्या बाजूनेही काही मिळत नाही.

बिऱ्हाड उचलण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मुदत संपल्यावर जागेत राहायचं संरक्षण नाही, कलम २४ मालकाच्या बाजूने स्पष्ट आहे. शिवाय एजंटला एक महिन्याचं भाडं, पोलीस पडताळणी, 'बॅचलर चालणार नाही', 'नॉनव्हेज करता का', हे सगळं मी भोगलंय. पण अकरा महिन्यांचा करार ही सवय आहे, कायदा नव्हे. आपल्या राज्यात कलम ५५ प्रमाणे हे करार नोंदवावेच लागतात, मग ते अकरा महिन्यांचे असोत की छत्तीस. तो नोंदवण्याची जबाबदारीही मालकावर आहे. नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरलं जातं. छत्तीस महिन्यांचा करार करा, लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही तो) दोघांनाही बांधील ठेवा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्या. सगळे मालक ऐकत नाहीत. पण भाडं वेळेवर देणारं, भिंतींना खिळे न ठोकणारं बिऱ्हाड मिळालं तर बरेच ऐकतात.

आता थोडं तुमच्यावर येते, राग मानू नका. तुमच्या पिढीने फार कमी वयात घरं घेतली असं आपण बोलत असतो, पण माझ्या माहितीतल्या बँकवाल्यांनी चाळिशीच्या आसपास घेतली, तीही स्टाफ लोनच्या सवलतीच्या दराने. बाहेरच्यांना तेव्हा दोन आकडी व्याज पडायचं. त्याआधीची वर्षं बदल्यांत गेली. आज लातूर, उद्या चिपळूण, आणि राहायला बँकेने लीजवर घेतलेली जागा. बदली होणाऱ्या माणसाने आधी घर घेऊन अडकू नये, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पुतण्याचीही बदलीच होते, फक्त ऑर्डर हेड ऑफिसमधून येत नाही. आज ऑफिस हिंजवडीत आहे म्हणून पुनावळे. दोन वर्षांनी चांगली ऑफर खराडीची आली, तर अख्खं शहर ओलांडून रोज जायचं. अशा वेळी मुलं काय करतात ते मी पाहते: ऑफर सोडतात. ती सोडलेली पगारवाढ कुठल्याही ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये दिसत नाही. नाहीतर पुनावळ्याचा फ्लॅट २२ हजारांना भाड्याने देतात आणि स्वतः खराडीला तीस हजार भाडं भरतात, वर ५२ हजारांचा हप्ता.

व्याजदराचंही तसंच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. हप्ता तोच ठेवून बँकांनी अनेकांची मुदत वाढवली, आणि कित्येकांना ते बऱ्याच उशिरा कळलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. त्यानंतर २०२५ मध्ये दर उतरलेही. पण साठ लाखांच्या कर्जावर अर्धा टक्का इकडेतिकडे झाला तरी हप्ता दोन हजारांच्या आसपास हलतो, आणि सव्वीसाव्या वर्षी हातात राखीव पैसा नसतो, कारण तो सगळा साडेवीस लाखांत गेलेला असतो.

नोकरीचं गाव ठरलेलं असेल, आईवडील भाड्याच्या घरात म्हातारे होत असतील, किंवा डाऊन पेमेंट भरूनही वर्षभराचा खर्च बाजूला राहत असेल, तर सव्वीसाव्या वर्षीही घर घ्यावं. पुतण्याचं यातलं काय आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

त्याने टोकन दिलं असेल तर अलॉटमेंट लेटरमध्ये बुकिंग रद्द केल्यास किती कापणार ते आज रात्रीच वाचायला सांगा. करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त मागत असेल तर देऊ नका, रेरा (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा) कायद्याचं कलम १३ दाखवा. महारेराच्या साइटवर प्रकल्पाची ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेली आहे तेही बघा. आणि बुकिंग रद्दच झालं, तर त्याच महिन्यापासून तेहतीस हजारांचं रिकरिंग सुरू होईल एवढं तुम्ही बघा. खातं उघडायला बरोबर जा. त्याला माझ्यापेक्षा तुमची भीती जास्त वाटत असणार.